आषाढातलं धुणं

पहाटे ५

उठल्यावर पहिली नजर दोऱ्यांवर जाते. रात्री वाळत घातलेल्या कपड्यांतलं काय वाळलं, काय दमट राहिलं, यावर दिवसाचं गणित बसतं. आम्ही डोंबिवलीला एमआयडीसीच्या निवासी भागात राहतो, चौथ्या मजल्यावर. जुलै महिना. या दिवसांत इथल्या हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. हवाच आधी भिजलेली, ती कपड्यातलं पाणी घेणार कुठे? म्हणून आषाढात किती धुणं साचलंय ते बघून मशीन लावायचं नसतं. किती वाळेल ते बघायचं आणि तेवढंच ओलं करायचं.

घरात सध्या चार पिढ्या आहेत. सासूबाई, हे आणि मी, नोकरी करणारा मुलगा, बाळंतपणाला आलेली लेक आणि तिचं दोन महिन्यांचं बाळ. सगळ्यांचे कपडे रोज धुऊन रोज वाळणं या महिन्यात शक्य नाही. मग कोणाचं आधी? माझ्याकडे त्याचं उत्तर ठरलेलं आहे. कपडा किती मळलाय यावर पाळी लागत नाही, ज्याला थांबता येत नाही त्याची पाळी पहिली. बाळाला बोलता येत नाही आणि सासूबाईंना मागवत नाही. त्या दोघांचं झाल्यावर बाकीचे.

सव्वापाच

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत मी दिवा न लावता जाते. त्यांचं वय ८४. अलीकडे रात्री कधी कधी वेळेवर उठवत नाही त्यांना. अशा रात्री चादरीचा ओला भाग त्या स्वतःच आत दुमडून ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. जिने आयुष्यभर घरादाराची धुणी दगडावर आपटली, तिला आपली चादर दुसरीने उचलावी हे केवढं जड वाटत असेल. मुलगा आणि नातू उठायच्या आत हे सगळं आवरलेलं असायला हवं. आम्ही दोघींनी तसं कधी बोलून ठरवलं नाही, पण ठरलेलं आहे.

“झोप मोडली ना गं तुझी?”

“नाही हो आई, मी उठतेच या वेळेला. हा गाऊन घ्या, सुका आहे.”

गादीवर मेणकापड, त्यावर जाड दुपटं, त्यावर चादर. गादीपर्यंत ओल जाता कामा नये, कारण पावसाळ्यात गादी वाळवायला ऊनच नसतं. चादर तडक गार पाण्यात जाते. लघवीला सुरुवातीला तसा उग्र वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो आणि त्याला काही तास लागतात. तेवढ्या वेळात चादर साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढली की निम्मं काम झालं. मग कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत. शेवटच्या पाण्यात टोपणभर व्हिनेगर, म्हणजे वासाची शंकाही उरत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत मात्र घालू नयेत. एक अल्कली, दुसरं आम्ल. दोन्ही एकमेकांना संपवतात आणि उरतं त्याचा धुण्याला काही उपयोग नसतो. दोन्ही एकत्र घाला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. फसफसताना दिसतं म्हणून लोकांना ते पटतं, पण ते चूक आहे.

सहा

नळाला पाणी आलं. आमच्याकडे बारवी धरणाचं पाणी येतं, साबणाला चांगला फेस देणारं. मार्च-एप्रिलमध्ये कपातीच्या दिवशी बोअरचं पाणी वापरावं लागतं तेव्हा फरक कळतो. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण बांधला जातो, फेस येतच नाही आणि कपड्यावर करडा चिकट थर बसतो. आषाढात ऊन नाही, पण पाणी तरी मनासारखं असतं.

आता दुपटी. त्यांची बादली वेगळी, झाकणाची. डायपर रात्री आणि दवाखान्यात जाताना. दिवसभर लंगोट आणि दुपटी. लेकीने सुरुवातीला विचारलं होतं, “आई, कशाला एवढा खटाटोप? दिवसाही डायपरच घालू या ना.” तिची झोप होत नव्हती, टाके दुखत होते, तिला तसं वाटणं साहजिक होतं. पण या घामट हवेत सतत डायपर राहिला की बाळाच्या मांड्या लाल होतात हे तिने पाहिलं, आणि मग तीच लंगोट मागायला लागली.

शीचं दुपटं आधी नळाच्या धारेखाली धरायचं, गार पाण्यानेच. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग साबणाने पूर्ण जात नाही, पण ओलं दुपटं उन्हात पडलं की तो आपोआप उडतो. साबण सौम्य आणि थोडा. विसळणं मात्र तीन पाण्यांतून, कारण कपड्यात राहिलेला साबण बाळाच्या कातडीला टोचतो. कपडे मऊ आणि सुगंधी करणारं जे द्रव मिळतं ते दुपट्यांना कधीच लावायचं नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि दुपटं ओल शोषेनासं होतं. वासाचं दुपटं हवंय की शोषणारं, असा प्रश्न असेल तर बाळाला दुसरं हवं असतं.

यातली बरीचशी दुपटी आईंच्या जुन्या सुती लुगड्यांची आहेत. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड; एका लुगड्यात दुपट्यांची चळत निघते आणि वर गोधडीचं अस्तर. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुतातली खळ कधीच निघून गेलेली असते, धागा सैल झालेला असतो, पाणी टेकताच आत ओढून घेतो. दुकानातली नवी दुपटी दिसायला गोड असतात, पण पहिल्या काही धुण्यांपर्यंत ओल त्यांच्यावरून घरंगळते. लेक पोटुशी होती तेव्हा आईंनी ट्रंकेतून लुगडी काढून दिली. फाडताना मला कसंतरीच झालं. त्या म्हणाल्या, “फाड गं. ट्रंकेत काय त्याचं लोणचं घालायचंय?”

पावणेसात

बाकीच्यांच्या कपड्यांचे ढीग. पांढरे आणि फिके, गडद, टॉवेल, आणि मुलाचा कारखान्याचा गणवेश वेगळा. तो अंबरनाथला एका कारखान्यात आहे. त्याच्या कपड्याला मशीनचं तेल असतं आणि ते इतरांच्या कपड्यांत गेलं तर सगळ्यांना लागतं. तेलाच्या डागावर कोरड्या कपड्यावरच भांड्यांचा द्रव साबण चोळून ठेवायचा, पाणी नंतर. आधी पाणी घातलं की ते साबणाला तेल धरू देत नाही.

खिसे उलटे करायचे, चेन लावायच्या, जीन्स उलटी करायची. हे भराभर होतं, हाताला सवय आहे.

मशीनमध्ये वर एक वीतभर जागा सोडायची. कोंबलेल्या कपड्यांना पाण्यात हलायला जागा नसते, नुसते भिजून बाहेर येतात. पावडर डब्याच्या चमच्याने, तीही पाऊण. जास्त पावडरीने कपडा जास्त स्वच्छ होतो ही समजूत घराघरांत आहे. तिला कारण माझ्या आईच्या पिढीचं धुणं असावं. १९५९ साली सर्फ आली तेव्हा ती महाग, सांभाळून वापरायची वस्तू होती. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढली, ती पिवळी पावडर पुढे गावोगाव पोचली आणि बादलीत मूठभर घालून काठीने घुसळायची सोय झाली. फेस वर आला की मन भरायचं. तिथे कपडे हाताने चार पाण्यांतून काढायचे, तेव्हा ते खपलं. मशीन ठरलेल्या पाण्यात विसळतं. जास्तीची पावडर धाग्यात राहते, कपडा कडक होतो, आणि पावसाळ्यात अशा कपड्याला वास आधी धरतो.

शेवटच्या विसळण्याचं पाणी मी नळी बादलीत सोडून धरते. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते चालतं. वरून भरायच्या मशीनला दर खेपेला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाऊस धो धो पडतोय म्हणून ते गटारात सोडायचं, हे मला बघवत नाही.

साडेसात ते नऊ

डबे भरून झाले, हे आणि मुलगा आपापल्या गाड्यांना गेले. आता खरं काम, वाळत घालायचं.

आमच्याकडे बाल्कनीत दोऱ्या आहेत, छताला ओढून वर चढवायच्या दांड्या आहेत आणि दिवाणखान्यात पंख्याखाली घडीचा स्टँड. या तिन्ही जागांची कुवत मला पाठ आहे. बाल्कनीत वारा आहे पण पावसाची झड येते, तिथे जाड, लवकर न वाळणारे कपडे बाहेरच्या दोरीला नाहीत, आतल्या. छताच्या दांड्यांवर गरम हवा साचते, तिथे दुपटी आणि बनियनं. पंख्याखाली आतले कपडे आणि गाऊन. ऊन नसताना कपडा वाऱ्याने वाळतो. कपड्याला चिकटून राहिलेली दमट हवा हलली पाहिजे. म्हणून दोन कपड्यांमध्ये मुठीएवढं अंतर. दाटीवाटीने सगळं धुणं एकदाच घालण्यापेक्षा अर्धं घालून अर्धं बादलीत न ठेवता उद्यावर ढकललेलं बरं. कोरडा मळका कपडा एक दिवस थांबतो, ओला थांबत नाही.

घालण्याआधी प्रत्येक कपडा दोन्ही टोकं धरून जोरात झटकायचा. सुरकुत्या निम्म्या तिथेच जातात आणि धागे मोकळे होतात. शर्ट हँगरला, गळ्याचं बटण लावून. जीन्स उलटी आणि कमरेला चार चिमटे लावून, पिंपासारखी तोंड उघडं राहील अशी, म्हणजे आत वारा जातो. चादर एका दोरीवर दुहेरी टाकली तर आतली बाजू संध्याकाळपर्यंत ओली; दोन दोऱ्यांवर पसरायची, मध्ये पोकळी ठेवून. टॉवेल कधीही घडी घालून नाही.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे दोऱ्यांना जागा कुठली? छताला लागून आडव्या दांड्या टांगलेल्या असत. आई नऊवारी नेसायची. ओलं लुगडं लांबोळी घडी करून काठीच्या टोकावर घ्यायची, मान वर करून दांडीवरून पलीकडे सोडायची आणि काठीनेच दोन्ही पदर सारखे करायची. एक सुरकुती राहत नसे. आजीचं सोवळ्याचं लुगडं सर्वांत उंच दांडीवर, कोणाचा हात लागू नये म्हणून. सोवळ्याचा विचार मला पटत नाही, पण त्या उंचीवर कपडे लवकर वाळत हेही खरं. खोलीतली उबदार हवा वरच असते. आमची छताची दांडी त्याच जागी आहे, फक्त आता तिला पुली आहे.

पावसाळ्यात कपड्यांना जो कुबट वास येतो त्यामागे जिवाणू असतात. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की घरात वाळवलेल्या कपड्यांच्या त्या वासाला मोराक्सेला नावाचा जिवाणू मुख्यतः कारणीभूत आहे. घामातले, अंगावरचे स्निग्ध पदार्थ कपड्यात राहिले आणि कपडा बराच वेळ ओला राहिला की तो वाढतो. वाळण्यानेही तो सहज मरत नाही. म्हणूनच एकदा वास धरलेला शर्ट वाळल्यावर बरा वाटतो आणि अंगावर थोडा घाम आला की पुन्हा वास मारतो. अशा कपड्यावर अत्तर मारून काही होत नाही. कडकडीत पाण्यात सोडा घालून तासभर भिजवायचा आणि मग त्याला घरातली सर्वांत चांगली वाऱ्याची जागा द्यायची. झालेलं धुणं मशीनमध्ये तसंच पडू द्यायचं नाही, हा या घरात माझा सर्वांत कडक नियम आहे. शिट्टी वाजली की जो घरात आहे त्याने झाकण उघडायचं.

दहा

भांडी-फरशीला ताई आल्या. शेजारच्या दोन घरांत त्या धुणंही करतात, हाताने. पाण्याने भरलेली बादली उचलायची, जड चादरी पिळायच्या, वाकून घासायचं. त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कायदा झाला, कल्याण मंडळ आलं. ताईंना त्याचं कार्डही काढून द्यायला आम्ही दोघी जाऊन आलो. पण खांद्याची रजा कोणत्या घरात मागायची, हे त्यांचं त्यांनाच सोसायचं असतं.

आईंची चादर मी त्यांना कधी सांगत नाही. ताई नाही म्हणणार नाहीत, कदाचित पैसेही वाढवून मागणार नाहीत. पण आईंना ते कळलं तर त्या रात्री पाणी प्यायचं बंद करतील. हा प्रकार अनेक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांत असतो. चादर भिजू नये म्हणून पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, मग ताप. चादर मुकाट्याने धुतली गेली की हे सगळं टळतं.

साडेअकरा

ऊन पडलं. हातातलं पीठ तसंच ठेवून उठते. आषाढातलं ऊन किती वेळ राहील याचा नेम नाही, पण जेवढं आहे तेवढं आधी दुपट्यांना. बाल्कनीच्या ग्रिलवर ओळीने पसरते, डागाची बाजू बाहेर. लेकही बाळाला मांडीवरून खाली ठेवून चिमटे द्यायला येते. आईंची चादर, मेणकापड. रंगीत कपडे उलटे. उन्हातले अतिनील किरण पुष्कळसे जंतू मारतात. अर्ध्या तासाचं ऊनसुद्धा वाया घालवायचं नाही.

पूर्वी बाळंतिणीच्या घरात पावसाळ्यात शेगडीत निखारे ठेवून त्यावर वेताची टोपली उपडी घालत आणि टोपलीवर दुपटी पसरत. दुपटी उबदार होऊन निघायची. फ्लॅटमध्ये बंद खिडक्यांत कोळसा पेटवणं धोक्याचं आहे, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून आईंची इच्छा असूनही आम्ही ते करत नाही. दमट राहिलेल्या दुपट्यावरून इस्त्री फिरवतो. उरलेली ओल वाफ होऊन जाते आणि जंतूही जातात. आईंनी पहिल्या दिवशी दुपटं गालाला लावून बघितलं आणि मान हलवली.

दुपारी दोन

जेवणं झाली, बाळ झोपलं. आता डाग घेऊन बसते. हे काम घाईत करू नये, प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा.

लेकीच्या गाऊनवर दुधाचे डाग. दूध म्हणजे प्रथिन आणि स्निग्धांश. त्याला गरम पाणी आधी लागलं तर प्रथिन घट्ट होऊन धाग्यात बसतं. रक्ताचंही तेच. आधी गारच पाणी, मग साबण, मग हवं तर कोमट. हा एवढा नियम घरातल्या प्रत्येक मुलीला आणि मुलालाही माहीत असावा.

यांच्या शर्टावर डब्यातल्या वरणाचा, म्हणजे हळदीचा डाग. त्यावर साबण लावला की तो लालभडक होतो आणि बायका घाबरून घासत सुटतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग अल्कलीत तांबडा होतो, आम्लात पुन्हा पिवळा. धुऊन ओलाच उन्हात घालावा. कर्क्युमिन उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत डाग जातो. आषाढात मात्र त्या शर्टाला वाट बघावी लागते. केळीच्या चिकाचा डाग पडला तर तो सहसा जात नाही, त्याच्यावर साबण आणि श्रम खर्च करू नयेत. त्या कपड्याला घरकामाला लावावं.

बारशाला नेसलेली लेकीची पैठणी अजून बाहेर आहे. रेशमाला पावडर चालत नाही. पावडरीतली अल्कली आणि प्रथिन खाणारी एन्झाइम दोन्ही रेशमाच्या मुळावर येतात, कारण रेशीम हे प्रथिनच. साधं रेशीम मी रिठ्याच्या पाण्यात काढते. पैठणीला जरीचा पदर, तिला घरात पाणीच नको. सावलीत वारा देऊन, सुती कापडात गुंडाळून ठेवते. कोरडी हवा आली की पाहू.

चार

आता हात लावून बघायचं. कपड्याचा मधला भाग सुका लागतो म्हणून तो काढायचा नसतो. शिवण, कमरेचा पट्टा, खिशाचं अस्तर, काखेखालचा जोड, लवचिक पट्टी, या जागा शेवटी वाळतात. हात दिवसभर पाण्यात राहून बधिरलेले असतात, त्यामुळे शंका आली तर गाल लावायचा. ओल असेल तर गार लागतो.

सुके कपडे आईंच्या पलंगावर जातात. घड्या त्यांच्या. हे काम त्यांनी मागून घेतलंय. पाठीला उशी लावून बसतात, एक एक कपडा मांडीवर घेतात, तळव्याने सपाट करतात. त्यांच्या घडीचं माप ठरलेलं, कपाटाच्या खणात बरोबर बसेल असं. दुपटी त्रिकोणी, लगेच गुंडाळता यावीत म्हणून. प्रत्येक कपडा त्यांच्या हातून जातो, त्यामुळे कुठे बटण सैल झालं, कुठे शिवण उसवली, हे आधी त्यांना कळतं.

“हा सदरा कोणाचा गं?”

“नातवाचा तुमच्या.”

“कोपरात विरलाय. सुई दे ओवून.”

ओवलेली सुई त्यांच्या हातात दिली की त्या अजून चार टाके असे घालतात की उलट्या बाजूनेही सापडू नयेत. लेक शेजारी बसून बाळाला पाजते आणि त्यांच्याकडून दुपटं बांधायला शिकते. या तासात मला कोणी हाक मारत नाही.

साडेपाच

इस्त्रीचं गाठोडं घेऊन खाली जाते. मुलाचा गणवेश, यांचे दोन शर्ट, एवढंच. बाकीचं घडीवर भागतं. जिन्याखाली इस्त्रीवाल्या काकांची टपरी आहे, त्यांची इस्त्री अजून कोळशाची. तिचं वजनच इतकं की सुताची सुरकुती एका फिरवण्यात बसते. टपरीत गाडगेबाबांची तसबीर. बाबा परीट घरातले, अमरावती जिल्ह्यातले, जन्म १८७६ चा. काका ते फार अभिमानाने सांगतात. त्यांचे वडील महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडे धूत. १८९० साली बांधलेल्या त्या घाटावरच्या दगडी हौदांमध्ये शहरभरचे कपडे येत आणि तरी ते ज्याच्या त्याच्या घरी परत जात, कारण प्रत्येकावर बिब्ब्याच्या रसाची बारीक खूण असे. बिब्ब्याचा डाग उकळूनही जात नाही. काका आता पेनाने कागदी पट्टीवर लिहून टाचतात, पण कोणाचा शर्ट कोणाचा हे त्यांना पट्टी न बघता कळतं.

“काकू, पावसात थोडे दमटच आणून देत जा. पाणी शिंपडायला नको.”

दमट द्यायला काही हरकत नाही, घेताना मात्र टपरीतच पाच मिनिटं थांबायचं. गरम घडी तशीच पिशवीत घातली की आत वाफ राहते आणि कपाटात जाऊन वास धरते.

रात्री आठ

दोघे घरी आले, भिजूनच. भिजलेला कपडा मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकायचा नाही. टोपलीतल्या कोरड्या कपड्यांनाही त्याचा वास लागतो. न्हाणीघराच्या दारामागे खुंट्या आहेत, तिथे निथळत ठेवायचा.

रात्रीचं मशीन हे लावतात आणि तेच वाळत घालतात. हे मी सांगून, मागून घेतलेलं आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कुठे जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं. घरची बिनपगारी कामं तेव्हा सहा वर्षांवरच्या मुली-बायकांपैकी ८१ टक्के करत होत्या आणि मुलगे-पुरुषांपैकी २६ टक्के. करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं, करणाऱ्या पुरुषांचा ९७. मला हे आकडे वाचून राग आला आणि मी ते जेवणाच्या ताटावर सगळ्यांना वाचून दाखवले. हे काही बोलले नाहीत. त्या रात्री उठून त्यांनी टॉवेल झटकले. आता शर्टाचं गळ्याचं बटण लावायला ते विसरत नाहीत, आणि चादर दोन दोऱ्यांवर कशी ताणायची याची त्यांनी माझ्यापेक्षा चांगली युक्ती काढली आहे, मध्ये एक उलटा हँगर अडकवून. मुलाचा गणवेश मुलगा भिजवतो. काम वाटलं की त्याची अक्कलही वाटली जाते, मशीन कधी कुबट झालंय हे आता मला एकटीला लक्षात ठेवावं लागत नाही.

साडेदहा

मशीनची जाळी काढून त्यातले तंतू साफ केले, आतली कड पुसली, झाकण रात्रभर उघडं. पंखा दोनवर. आईंच्या उशाशी एक घडी चादर, एक गाऊन आणि पाण्याचा भरलेला तांब्या, त्यांचा हात पोचेल तिथे. लेकीच्या खोलीत सुक्या दुपट्यांची चळत.

उद्याचा विचार करून ठेवते. आकाश भरलेलं आहे, उद्या जेमतेम एक मशीन वाळेल. बाळाची गोधडी आता काढायलाच हवी. ती जाड आहे, पंख्याखालचा सगळा स्टँड घेईल. पडदे आणि गाद्यांच्या खोळी गणपतीच्या आधी धुवायच्या आहेत, पण त्यांना घाई नाही. श्रावणात उन्हाच्या तिरिपा यायला लागल्या की दोन दोन करून काढू.

मुलगा दारात येऊन विचारतो, “आई, उद्या निळी जीन्स मिळेल?”

“उद्या नाही रे. उद्या गोधडी आहे. परवा.”

“बरं. मग काळी घालतो,” म्हणून तो जाता जाता पंखा तीनवर करतो.